शेवटून तिसरी ओळ

माझा नेम लहानपणापासूनचा आहे. रोज पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय मोठ्याने वाचायचा, आणि तो झाल्याशिवाय जेवायचं नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने. शेवट आला की पुन्हा पहिल्या पानावर. एका फेरीला सव्वातीन वर्षं लागतात. मेहकरला आमच्या बाबांनी मी अकरा वर्षांची असताना हा नेम लावून दिला, तेव्हा एकच अट घातली होती. एक शब्दही गाळायचा नाही. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, अशा नावांच्या लांबच लांब याद्या येतात, त्यासुद्धा वाचायच्या. "तू निवडायला लागलीस की ते तुझं पुस्तक झालं, देवाचं राहिलं नाही," असं बाबा म्हणायचे.

तापात, प्रवासात, बाबा गेले त्या दिवशीसुद्धा माझा नेम चुकला नाही. तो चुकला गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सासरी, जानेफळच्या घरी. सासूबाईंपायी चुकला, असं मी आधी म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही.

माझ्या सासूबाई, झुंबरबाई. एकोणीस वर्षांपूर्वी यांनी, म्हणजे ज्ञानेश्वरांनी, माझ्याशी लग्न केलं तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. ख्रिस्ती घरातली सून त्यांना नको होती. शेजारच्या बाया बघत होत्या. त्यांच्यादेखत सासूबाई म्हणाल्या, "माह्या पोराले नादी लावलं तूनं. तुही वटी रिकामीच राहीन." मग आम्ही दोघं तसेच मेहकरला परतलो. यांनी तिथं पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान टाकलं. मूल झालं नाही. डॉक्टरांनी त्याचं साधं कारण सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. मी त्यावर विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. पण दारातलं वाक्य त्या कागदाखाली कुठंतरी घडी घालून ठेवल्यासारखं राहिलंच.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि कळेपर्यंत दोन्ही डोळे गेले. मग आम्ही दुकानासकट जानेफळला आलो. पहिले काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मी ओसरीच्या टोकाला बसून हळू आवाजात वाचायची, त्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पडलेल्या असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "काय वं, त्या पुस्तकापायी भुकी राहतस अन् वाचतस असं, की जसं काही चोरून खाऊन राह्यली. जराक मोठ्यानं वाच. मले कुठी जाचं हाय."

मी जवळ जाऊन बसले. सासूबाईंना व्रताच्या कहाण्या ऐकायची जन्मभराची सवय. त्या वाक्यावाक्याला "हूं" म्हणायला लागल्या. ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर कहाणी वाट चुकते, असं त्यांचं म्हणणं. मला त्या "हूं"नं अडखळायला व्हायचं. मी म्हटलं, "माय, आमच्यात शेवटी एकदाच म्हणतात. आमेन."

"हूंच्या जागी?"

"हो, तसंच काहीसं."

ही माझी पहिली चूक. सोपं करून सांगायला गेले. त्या दिवसापासून त्या "आमेन" म्हणू लागल्या, पण शेवटी एकदा नव्हे, जिथं जिथं मी थांबेन तिथं.

मग जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला शापांचा अध्याय आला. इस्राएलाचे लोक दोन डोंगरांवर उभे आहेत, याजक एकेक शाप मोठ्याने सांगतात, आणि प्रत्येक शापाला सगळे लोक आमेन म्हणतात. शेजाऱ्याच्या शेताची खूण जो सरकवतो त्याला शाप, इथवर मी आले आणि सासूबाई बाजेवर उठूनच बसल्या.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे धुरा कोरनारा?"

"हो. बांध सरकवणारा."

"आमेन," त्या म्हणाल्या, आणि अशा म्हणाल्या की परसातल्या कोंबड्या उडाल्या. आमचे चुलत दीर वामनराव आठ वर्षं आमचा धुरा दरवर्षी वीतभर कोरत आले होते. पुढचा शाप आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला होता. त्यालाही त्यांनी तसंच ठासून आमेन म्हटलं. "हे पुस्तक शेतकऱ्याचं दिसते," म्हणाल्या. त्यांना इतकं समाधान झालेलं पाहून मला भीती वाटली, आणि तेव्हा मी खरं सांगितलं, की आमेन म्हणजे नुसता हुंकार नाही. तसंच होवो, असा त्याचा अर्थ.

"मंग बरोबरच म्हनलं मी," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी वामनराव मोटरसायकलवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सासूबाईंनी ते कसे पडले ते मला दोनदा सांगायला लावलं. संध्याकाळी यांना म्हणाल्या, "डिंक आन." स्वतः चाचपत चाचपत लाडू वळले, डबा भरून वामनरावांकडे पाठवला. वामनरावांनी लाडू खाल्ले, धुरा काही सोडला नाही. पण तेव्हापासून सासूबाई आमेन जपून म्हणू लागल्या. ओळ वाचून झाली की मनाशी तोलत, मग म्हणत. काही ओळींना म्हणतच नसत.

मी यांना म्हटलं, "तो नुसता योगायोग होता, सांगा ना मायला."

हे म्हणाले, "मी सांगतो. पण तुलाही तो योगायोगच वाटतो का?"

मी ताटं उचलायला घेतली.

दोन-सव्वादोन वर्षांत आम्ही जुना करार संपवला आणि शुभवर्तमानांत आलो. तिथं सासूबाईंना येशू भेटला. मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. त्या त्याच्याविषयी गावातल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलू लागल्या. सकाळी न्हाणीतून ओरडून विचारत, "आज तो कुठी जाऊन राह्यला?" आंधळ्याच्या डोळ्यांना त्यानं मातीचा लेप लावला तेव्हा त्यांनी स्वतःच्या पापण्यांवरून बोट फिरवलं, पण मागितलं काही नाही. अंजिराच्या झाडाला त्यानं शाप दिला तिथं मात्र भांडल्या.

"हंगाम होता का?"

"नव्हता. तसंच लिहिलंय."

"मंग झाडाचा काय गुन्हा? भूक लागली असीन बिचाऱ्याले, उपाशी मानसाले राग येते. पन हे काही त्याचं बरोबर नाई झालं." आणि आमेन म्हटलं नाही. त्याला क्रुसाच्या खांबावर दिलं त्या दिवशी त्यांनी जेवण ठेवून दिलं. चारदा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय, म्हणून चारदा ठेवून दिलं.

पुढं पौलाची पत्रं, त्यानं येशूनंतर ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली, सुरू झाली तेव्हा त्यांचं मन लागेना. "हा लय बोलते. तो बरा होता, थोडकं बोले," म्हणायच्या.

अशात करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा शेवटचा अध्याय आला. पोळ्याचा आदला दिवस होता. मला सकाळी उठल्यापासून माहीत होतं की शेवटून तिसरी ओळ काय आहे. इतकी वर्षं ती वाचत आले होते, बाकीच्या ओळींसारखीच. जो कोणी प्रभूवर प्रीती करत नाही तो शापित असो, असा तिचा अर्थ. तिच्यानंतर एक छोटी हाक आहे, प्रभू ये अशी. मग कृपा, मग प्रीती, मग पत्र संपतं.

मी भाकरी थापताना विचार करत होते. सासूबाई सोमवार करतात, चतुर्थी करतात, देव्हाऱ्यातल्या देवांना चाचपून फूल वाहतात. त्यांनी कधी म्हटलं नाही की मी प्रभूवर प्रीती करते. मी ती ओळ वाचणार. त्या तोलणार. आणि तोलून, पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असेल असं धरून, आमेन म्हणणार. वामनरावांच्या पायाला जे झालं ते त्यांनी पाहिलंय, म्हणजे ऐकलंय. शाप माझ्या तोंडून, तसंच होवो त्यांच्या तोंडून. माझे हात पिठातच राहिले.

मी वाचायला बसले. सलाम सांगितले, नावं वाचली. हा सलाम मी पौल माझ्या हाताने लिहीत आहे, इथवर आले. मग माझा डोळा आपोआप एक ओळ ओलांडून गेला आणि मी कृपेची ओळ वाचली. मग प्रीतीची. संपलं.

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. "झालं पत्र?"

"झालं."

जेवायला बसले, तर घास तोंडात फिरत राहिला. तीस वर्षांत मी पहिल्यांदा नेम न करता जेवत होते, आणि माझ्याशिवाय कुणालाच ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती राहिलेली ओळ भरून काढावी म्हणून मी चटणीसाठी मिक्सर लावला आणि त्या आवाजात ती ओळ मोठ्याने वाचली. मिक्सर बंद केला. काही भरून निघालं नव्हतं. देवाला मिक्सरचा आवाज आडवा येत नाही, हे खरं. पण मी तो कुणाकरता लावला होता, ते त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

बुधवारी गावातल्या आम्ही चौघी जणी बेबीताईंकडे प्रार्थनेला जमतो. बेबीताई आमच्यातल्या वडीलधाऱ्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. बाकीच्या गेल्यावर मी त्यांना सांगितलं.

"गाळली?" बेबीताई म्हणाल्या. "तूनं? तिच्यासाठीच तर लिहून हाय ती. वाच न. भेली पाहिजे म्हातारी. भेल्याबिगर मानूस वळते का?"

"पण त्या आमेन म्हणतील, बेबीताई."

"म्हनू दे. तिनं म्हनलं तर तिच्यावर. तुह्या अंगाले काय लागते?"

"त्यांच्यावर येईल, म्हणूनच तर."

"काय म्हनूनच?"

 बेबीताईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "सासूवर एवढा जीव कायले लावतस बाई, जिनं तुले दारातून परत धाडलं? तुह्या मनातबी तो शाप कुठीतरी आवडतच असीन. म्हनून भेतस तू." त्या हसत म्हणाल्या, चिडवायला. पण मी घरी येताना तेच वाक्य घेऊन आले. असेल का तसं? दारातल्या त्या वाक्याला हे उत्तर मिळावं, असं माझ्यात कुठं बसलेलं असेल का? मी शोधलं. सापडलं नाही. पण मी नीट शोधलं का, तेही कळेना.

रविवारी मेहकरच्या चर्चमध्ये उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. प्रेमानंद पाळक तरुण आहेत, बोलताना समोरच्याकडे न बघता चपलेकडे बघतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही उगाच घाबरलात," ते म्हणाले. "ते पत्र कुणाला लिहिलंय? मंडळीला. जे स्वतःला प्रभूचे म्हणवतात त्यांना. बाहेरच्याला तो शाप देतच नाही. तुमच्या सासूबाईंनी कधी म्हटलंय का की मी त्याची आहे? नाही. मग ती ओळ त्यांच्यासाठी नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी हात जोडले. "मग कुणासाठी, पाळकसाहेब?"

"तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी," ते म्हणाले. "जे त्याचं नाव घेतात, नेमधर्म करतात, आणि प्रीती करत नाहीत, त्यांच्यासाठी."

ते सहज बोलले. लगेच त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

जानेफळच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. मी प्रीती करते का? नेम करते. नेम चुकला की जेवण उतरत नाही. पण ते तर माझ्या नेमावरचं प्रेम झालं, बाबांच्या शब्दावरचं झालं. प्रभूवरचं कोणतं? त्यानंच म्हटलं होतं की जो आईबापांवर माझ्याहून जास्त जीव लावतो तो मला योग्य नाही. आणि मी त्याची ओळ गाळली होती, सासूसाठी. म्हणजे त्या क्षणी मी कुणाला वर ठेवलं, ते कागदावर लिहून दिल्यासारखं स्पष्ट होतं. पण मला असंही वाटत होतं की ती ओळ गाळताना माझ्या मनात जे होतं, ते मला त्यानंच शिकवलं होतं. दुसऱ्या कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. मग त्यानं शिकवलेल्या गोष्टीनंच मी त्याच्या शब्दाला आडवी गेले, असं कसं होईल? सोनाटीचं वळण येईपर्यंत मी हे कितीतरी वेळा उलटंपालटं केलं, आणि दर वेळी दुसऱ्याच बाजूनं वर यायचं.

सोमवारी मी वाचायला बसले तर सासूबाईंनी हात वर केला.

"थांब. तू आजकाल पाठ म्हनल्यासारखी वाचून राह्यली. पोळ्यापासून."

"नाही, माय."

"मले डोळे नाईत, कान हायेत. त्या दिवशी काय गिळलं तूनं?"

मी पुस्तक मिटलं.

"तो पौल म्हनला, हे मी सोताच्या हातानं लिहून राह्यलो. अन् लगेच कृपा असो. आता तूच सांग, इतका वेळ दुसऱ्याच्या हातून लिहून घेनारा मानूस, त्याच्या हातची लेखनी घेते, तर नुसता 'पौल' लिहून ठेवून देईन का? काहीतरी लिहीनच न. सोताच्या हातानं मानूस कायले लिहिते? जे दुसऱ्याजवळ देववत नाई तेच लिहिते. ते काय होतं?"

मी म्हटलं, "ते वाचायला नको, माय."

"काऊन?"

"तुम्ही आमेन म्हणाल."

"म्हनीन का नाई ते मी पाहीन. तुहा नेम मोडला न त्यापायी? मंग वाच. मी भेत नाई."

मग मी वाचलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. कोंबड्या परसात माती उकरत होत्या. सासूबाई तोलत होत्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत बसले होते.

"सोताच्या हातानं शिवी लिहिली त्यानं," त्या शेवटी म्हणाल्या. "शिवीच हाय न ही?"

"शाप आहे."

"मले हाय?"

"पाळकसाहेब म्हणतात, तुम्हाला नाही. जे स्वतःला त्याचे म्हणवतात त्यांना आहे."

"म्हंजे तुले."

"हो."

"तू करतस प्रीती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते एका शब्दाचं उत्तर होतं आणि मी ते हजार वेळा गाण्यात म्हटलं होतं. ते आलं नाही. "माहीत नाही, माय," मी म्हटलं.

"आता बापा," सासूबाई म्हणाल्या. "अन् मले इचारशीन तर मले तो आवडते. पन आवडते म्हंजे प्रीती होये का? मी तर महादेवालेबी सोडलं नाई." मग त्या बाजेच्या दोरीत बोटं घालून बसल्या. म्हणाल्या, "मी शाप दिलता तुले. दारात."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी वेगळं कारण सांगितलंय."

"डाक्टर सांगते. पन तोंडातून गेला तो गेला. वामन पडला तवापासून मी रोज तेच धरून बसली हावो. वापस घ्यावा म्हनते, तर कसा घेतात ते ठाऊक नाई. देनं सगळ्याइले येते. तुह्या पुस्तकात हाय का कुठी, दिलेला कसा वापस घेतात ते?"

"वापस घेतात असं नाही," मी म्हटलं. "पुढच्याच पत्रात आहे, आठ-दहा दिवसांत येईल. खांबावर टांगलेला प्रत्येक जण शापित, असं जुनं वचन होतं. तर येशू आपल्यासाठी शाप झाला, असं लिहिलंय."

"शाप झाला? का शाप लागला?"

"झाला. आपल्यावरचा त्यानं स्वतःवर घेतला."

"कोनाकोनावरचा?"

"सगळ्यांवरचा."

सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. त्यांचे डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते. "मंग हे पाह्य. जो त्याच्यावर प्रीती नाई करत, त्याले शाप. बरं. अन् शाप सगळे त्यानं सोतावर घेतले. तर हा शापबी जाते कुठी? त्याच्यावरच न? म्हंजे आपन त्याच्यावर प्रीती नाई केली, तर तेबी त्यालेच लागते?"

मी पुस्तकात ती ओळ पुन्हा शोधू लागले.

"जयमाला."

"मला माहीत नाही, माय. असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही."

"असं असीन तर मी याले आमेन नाई म्हनत," त्या म्हणाल्या. "मले नाई लागत म्हनून नाई. त्याले लागीन म्हनून. अजून किती लावता त्याले." आणि मग, "तूबी म्हनू नको. आधी इचारू."

त्यांना पाळकसाहेबांनाच विचारायचं होतं. मी विचारून येते म्हटलं तर ऐकेनात. तू मधातलं गिळशीन, म्हणाल्या. यांना कळलं तेव्हा हे हसायला लागले. "माय, आता तू चर्चमध्ये जाणार?"

"मी काही बाटाले नाई चालली. एक गोष्ट इचाराची हाय. पंचायतीत नाई का जात मानूस?"

तो आठवडा मी रोज नेमाने वाचलं, एक शब्द न गाळता, पण वाचताना मला दर ओळीपाशी भीती वाटायची की ही आपल्याला सांगितलीय की आपल्याबद्दल. रविवारी सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसून घेतलं. उपासनेत त्या शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं की मान हलवून अंदाज घेत राहिल्या की कोण मनापासून म्हणतंय. बेबीताईंनी मागं वळून पाहिलं, मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. त्यांना वाटलं मी जिंकले.

नंतर पाळकसाहेब आले. सासूबाईंनी नमस्कार केला नाही, रामराम घातला, आणि त्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, धुऱ्यावर उभं राहून विचारावा तसा. पाळकसाहेब चपलेकडे बघू लागले. त्यांनी एक उत्तर सुरू केलं, त्यात विश्वास आणि कृपा असे शब्द होते. मग ते मध्येच थांबले.

"आजी," ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते मी शिकलेल्यात नाही. मला शोधावं लागेल. कदाचित सापडणारही नाही."

"लबाडी नाई केली," सासूबाई मला म्हणाल्या, त्यांच्यादेखतच. मग त्यांना म्हणाल्या, "शोधा. सापडलं तर जयमालाजवळ सांगजा. नाई सापडलं तरी सांगजा."

आम्ही स्टँडकडे निघालो. ऊन चढलं होतं. त्यांनी माझा दंड धरला होता आणि माझ्या पावलाबरोबर पाऊल टाकत होत्या.

"तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं. "खरं काय ते राहू दे. वाटते काय ते सांग."

मी चालता चालता विचार केला. "मला वाटतं, तो तुम्हाला सोडणार नाही."

"अन् तुले?"

रस्त्यावर पोती भरलेला ट्रॅक्टर येत होता. मी थांबले, त्याही थांबल्या. ट्रॅक्टर गेला, धूळ बसायला वेळ लागला. सासूबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. माझ्या दंडावरची त्यांची पकड जराही सैल झाली नव्हती, आणि मी अजून विचारच करत होते.